ग्योकेरेस आर्सेनलमध्ये चालेल का?

गनर_धरमपेठ | २७ जुलै २०२५, रात्री ११:४०

अखेर काल जाहीर झालं. स्वीडनचा स्ट्रायकर विक्टर ग्योकेरेस आपल्या आर्सेनलचा झाला, पाठीवर १४ नंबर. काल रात्री मला झोप लागली नाही. घरच्यांना हे पटत नाही, इथे पटेल.

प्रीमियर लीगमध्ये तीन सीझन ओळीनं आपण दुसरे आलो. २०२३-२४ मध्ये ८९ गुण आणि ९१ गोल करूनही मँचेस्टर सिटी दोन गुणांनी पुढे निघून गेली. आणि गेल्या वर्षी? जानेवारीत जेझूसचा गुडघा गेला, फेब्रुवारीत दुबईच्या शिबिरात हावर्ट्झची हॅमस्ट्रिंग गेली, आणि मेरिनोसारख्या मिडफिल्डरला पुढे उभं करून सीझन ओढत नेला. ९१ गोलांवरून ६९ वर आलो. लीगमध्ये आपला सगळ्यात जास्त गोल करणारा हावर्ट्झ, आणि त्याचे गोल किती? नऊ.

म्हणून या गड्याचे आकडे पाहिले की छाती भरून येते. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबसाठी १०२ सामन्यांत ९७ गोल. गेल्या सीझनला पोर्तुगालच्या लीगमध्ये ३३ सामन्यांत ३९. नोव्हेंबरात चॅम्पियन्स लीगमध्ये स्पोर्टिंगनं सिटीला ४-१ हरवलं, त्यात याची हॅटट्रिक.

तरी एक शंका मनातून जात नाही. पोर्तुगालमधले गोल इंग्लंडमध्ये येतात का? तिकडूनच लिव्हरपूलला आलेल्या नुन्येझचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. शिवाय वय २७, म्हणजे थांबून घडवायला वेळ नाही. मला तुमचं खरं मत पाहिजे. नुसतं 'चालेल' लिहू नका, का चालेल तेही लिहा.

तर्री_मारके | २७ जुलै, रात्री ११:५२

चालेल. आता झोप भाऊ, उद्या ऑफिस आहे.

अ‍ॅनफिल्ड_ते_अजनी | २८ जुलै, सकाळी ८:१५

नुन्येझचं नाव निघालं म्हणून लिहितोय, कारण ते दुखणं आम्ही काढलंय.

बेन्फिकासाठी २०२१-२२ च्या लीगमध्ये त्याचे २६ गोल होते. आमच्याविरुद्धही चॅम्पियन्स लीगमध्ये मारले होते, म्हणून तर घेतला. लिव्हरपूलमध्ये लीगचे गोल किती? पहिल्या वर्षी ९, मग ११, मग ५. घरच्या मैदानावरच्या पहिल्याच लीग सामन्यात लाल कार्ड. पोट्टा मनानं चांगला होता, पळायचा जीव तोडून. आम्ही त्याच्या नावानं गाणी म्हटली. पण गोलकीपरसमोर एकटा आला की त्याचा पाय घाई करायचा. पोर्तुगालमध्ये एक चुकला तर दहा मिनिटांत दुसरा चान्स मिळतो. इंग्लंडमध्ये त्या दुसऱ्यासाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबावं लागतं, आणि तो सगळा आठवडा लोक तुम्हाला चुकलेलाच दाखवत राहतात.

ग्योकेरेस नुन्येझपेक्षा थंड डोक्याचा वाटतो, हे मान्य. पण धास्ती खरी आहे.

आकडेमोड | २८ जुलै, सकाळी १०:०५

लीगवरून अंदाज बांधू नका, फसाल.

हॉलंडचं उदाहरण घ्या. एकाच क्लबातून, पीएसव्हीतून, दोन स्ट्रायकर इंग्लंडला गेले. २००१ मध्ये व्हॅन निस्टलरॉय मँचेस्टर युनायटेडला गेला, पहिल्याच वर्षी लीगमध्ये २३ गोल. २००४ मध्ये केझमन चेल्सीला गेला. जाण्याआधीच्या सीझनला त्याचे हॉलंडच्या लीगमध्ये ३१ गोल होते. चेल्सीसाठी लीगमध्ये फक्त ४. त्याच उन्हाळ्यात चेल्सीनं फ्रान्समधून द्रोग्बा आणला होता, तो दंतकथा झाला.

आता स्पोर्टिंगचंच बघा. ब्राझीलच्या जार्डेलनं २००१-०२ मध्ये त्यांच्यासाठी लीगमध्ये ४२ गोल केले. पुढे बोल्टनला आला, तिथे प्रीमियर लीगमध्ये एकही नाही. २०१६ मध्ये त्यांचाच स्लिमानी लेस्टरला गेला, पहिल्या वर्षी ७. पण त्याच क्लबातून ब्रुनो फर्नांडिस आला आणि पहिल्या महिन्यापासून युनायटेड त्याच्या खांद्यावर. तो मिडफिल्डर आहे हे खरं, पण लीग तीच ना?

म्हणून मी लीगकडे न बघता गोल कसे झाले ते बघतो. कुठून मारले, किती पेनल्टी, चेंडू कोणी दिला. ग्योकेरेस पेनल्टी मारतो, तेव्हा ३९ मधले ते बाजूला काढून हिशेब करायला हवा. आर्सेनलमध्ये साका असताना पेनल्टी कोण मारणार, हा प्रश्नच आहे.

लाल_सैतान_मानेवाडा | २८ जुलै, दुपारी १:३०

आमच्या युनायटेडच्या कोच अमोरिमचा पोट्टा तुम्ही घेऊन गेले राजेहो! सिटीले ४-१ मारलं तवा स्पोर्टिंगच्या बाकावर अमोरिमच होता. त्यानंच त्याले कोव्हेंट्रीतून नेऊन एवढा मोठा केला. आम्ही तर समजून राहिलो होतो का तो ओल्ड ट्रॅफर्डलेच येईन.

पण मनातलं सांगतो. अमोरिमच्या ३-४-३ मध्ये त्याले पुढं मैदान मोकळं भेटायचं. मागून लांब चेंडू आला का हा डाव्या बाजूनं सुटायचा, अन् डिफेंडरले खांद्यानं बाजूले करायचा. आर्सेनल तसं खेळते का? तुमचे तर वीस-वीस पास होते, तवर समोरचे दहा जण बॉक्समध्ये जाऊन बसते. तिथं हा पळन कुठं?

डावखुरी | २८ जुलै, संध्याकाळी ६:४८

मानेवाड्याच्या भावानं बरोबर जागी बोट ठेवलं. मी मुलींना फुटबॉल शिकवते, म्हणून थोडं मैदानाच्या भाषेत लिहिते.

ग्योकेरेसची खरी ताकद चॅनलमधल्या धावेत आहे. प्रतिस्पर्ध्याचा उजवा बॅक आणि उजवा सेंटर-बॅक यांच्यात जी फट असते, त्यात तो चेंडू सुटायच्या आधी निघतो. अंगानं दणकट असल्यामुळे डिफेंडर खेटला तरी पडत नाही. मग आत वळून उजव्या पायानं मारतो. हे त्यानं इतक्या वेळा केलंय की हे नशिबाचं काम नाही, ती त्याची घोटलेली सवय आहे.

पण या धावेला मोकळा रस्ता लागतो. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर बुलेट घालून बघा. गाडीत दम कितीही असो, पहिल्या गिअरच्या वर जाता येत नाही. आर्सेनलसमोर बहुतेक संघ तशीच गर्दी करून बसतात.

तरी मी हो म्हणेन, आणि त्याला माझ्याकडे कारण आहे. पोर्तुगालमध्येही लहान संघ स्पोर्टिंगसमोर असेच बॉक्समध्ये बसतात. त्या सामन्यांतही त्यानं गोल केलेत. जवळच्या पोस्टवर झेप, गोलकीपरच्या हातून सुटलेल्या चेंडूवर पहिला पाय, हेही त्याला येतं. दुसरं म्हणजे त्याच्या एका धावेबरोबर दोन सेंटर-बॅक मागे ओढले जातात, आणि मधल्या फळीतल्या ओडेगार्डला आजवर न मिळालेली जागा मिळते. त्याचे स्वतःचे १५ गोल झाले आणि साकाचे पाच वाढले, तर मी ही खरेदी जमली म्हणेन. स्ट्रायकरला फक्त त्याच्या गोलांनी मोजू नका हो. मुलींनाही मी हेच सांगते आणि त्यांनाही ते पटत नाही.

तर्री_मारके | २८ जुलै, संध्याकाळी ७:०२

ताई, बर्डीचं उदाहरण एक नंबर. 😄

मुठाकाठ | २८ जुलै, रात्री ९:२०

मूळचा नागपूरचा, सध्या पुण्यात. धाग्यात सगळे 'ग्योकेरेस' लिहीत आहेत, पण स्वीडनमध्ये उच्चार 'योकेरेस'च्या जवळ जातो. आडनाव हंगेरीचं आहे, त्याचे आजोबा तिकडचे. हंगेरियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'मुळं असलेला'.

वर कोणी त्याच्या आधीच्या प्रवासाबद्दल लिहिलं नाही. २०१८ मध्ये तो ब्रायटनला आला आणि प्रीमियर लीगचा एकही सामना न खेळता गेला. मध्ये जर्मनीत सेंट पॉली, मग स्वान्सी, मग कोव्हेंट्री. दुसऱ्या पातळीवरच्या चॅम्पियनशिपमध्ये २०२१-२२ ला १७ गोल, पुढच्या वर्षी २१. मे २०२३ मध्ये वेम्बलीवर लूटनविरुद्ध प्ले-ऑफची फायनल कोव्हेंट्री पेनल्टीवर हरली, नाहीतर तो तेव्हाच वर आला असता. म्हणजे इंग्लंडची थंडी, पाऊस, मंगळवार रात्रीचे सामने आणि तिथले धटिंगण डिफेंडर त्याला नवे नाहीत. नुन्येझला ते सगळंच नवं होतं. माझ्या मते हा फरक मोठा आहे.

काटोलकर | २८ जुलै, रात्री १०:११

मुळांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे संत्र्याचं कलम करतात तवा खुंट जंबेरीचा असते, त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरते. रोपवाटिकेत कलम कितीबी जोमदार दिसो, शेतात लावल्यावर जमीन कशी हाय त्यावर सगळं. पाणी साचणारी जमीन असली का चांगलं कलमबी डिंक्यानं जाते. म्हणून आम्ही झाडाच्या आधी जमीन पाहतो.

पोट्टा चांगला हाय. आर्सेनलची जमीन कशी हाय ते सांगा.

कामठीवाला_काका | २९ जुलै, सकाळी ६:३०

काटोलकर, तुम्ही विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे एका जुन्या गोष्टीत आहे. जरा लांब आहे, वाचा.

मी कामठीचा. आमच्याकडे मूल चालायला लागलं की बापाच्या आधी चेंडू ओळखतं. रब्बानी मैदानाच्या कडेला उभं राहून मोठ्यांचा खेळ बघत आम्ही वाढलो. संध्याकाळच्या सामन्याला दुकानं लवकर बंद व्हायची. ऐंशीच्या दशकात मी आमच्या मोहल्ल्याच्या टीममध्ये उजव्या बाजूनं खेळायचो. एका वर्षी आमचा सेंटर फॉरवर्ड नोकरीसाठी मुंबईला गेला आणि वर्गणी काढून खडगपूरकडचा एक मुलगा आणला. रेल्वेत भरती होण्याच्या खटपटीत होता. उंच, काळासावळा, बोलायला लाजरा. त्याची राहायची सोय आमच्या घरच्या माडीवर केली.

पाच सामने झाले, एक गोल नाही. कामठीचं पब्लिक कसं ते कामठीवाल्यांना माहीत आहे. तिसऱ्या सामन्यापासून बाहेरून ओरडा सुरू झाला, "अरे इसको कौन लाया?" रात्री तो जेवत नव्हता. माझी आई त्याच्या ताटात दुसरी पोळी वाढायची आणि तो हात आडवा धरायचा.

आमचा सेंटर हाफ वयानं मोठा होता, फार शिकलेला नव्हता, पण खेळ त्याला दिसायचा. पाचव्या सामन्यानंतर त्यानं त्या मुलाला काही म्हटलं नाही. मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तू चेंडू कधी टाकतोस? आधी बॅकला हरवतोस, मग कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जातोस, मग टाकतोस. तो पोरगा तू पहिलं पाऊल टाकतो तेव्हाच निघालेला असतो. तुझा चेंडू येईपर्यंत तो पुढच्या पोस्टवर पोचून उभा राहतो, आणि उभ्या माणसाला कोणीही पकडतं."

मी जुन्या फॉरवर्डच्या सवयीनं खेळत होतो. जुना आमचा मागच्या पोस्टवर थांबायचा, हेडरचा माणूस होता. दोन दिवस आम्ही तिघांनी पहाटे मैदानावर तेवढंच केलं. मी चेंडू घेतला की वर न बघता लवकर टाकायचा, तो तिथे असणार. सहाव्या सामन्यात त्यानं दोन मारले. दुसरा गोल झाल्यावर तो गोलपोस्टकडे न बघता माझ्याकडे धावत आला. चाळीस वर्षं होत आली, ते धावणं अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा आर्सेनलचे विंगवाले साका आणि मार्टिनेली चेंडू कधी टाकतात, ते मला सांगा. ग्योकेरेसचं मी नंतर सांगतो.

गनर_धरमपेठ | २९ जुलै, सकाळी ८:०५

काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या मुलाला पुढे नोकरी लागली का ते विचार.

कामठीवाला_काका | २९ जुलै, सकाळी ९:१२

लागली. रेल्वेतच लागली. आईला सांग.

गोलपोस्ट | २९ जुलै, दुपारी १२:४५

बाहेरून आणलेल्या माणसाचं म्हणाल तर आपल्या विदर्भाइतका अनुभव कोणाला आहे? वसीम जाफर मुंबईहून आला तेव्हा लोक म्हणाले, संपलेला आहे. २०१७-१८ आणि २०१८-१९ अशा लागोपाठ दोन रणजी आपण जिंकल्या. दुसऱ्या वर्षी त्यानं हजाराच्या वर धावा केल्या, चाळिशी ओलांडलेली असताना. मग करुण नायर. कर्नाटकनं सोडलेला माणूस. गेल्या सीझनला रणजीत ८६३ धावा, आणि जामठ्याला केरळविरुद्धच्या फायनलच्या दुसऱ्या डावात शतक. तिसरी रणजी आली.

लाल_सैतान_मानेवाडा | २९ जुलै, दुपारी १:१०

अन् आता करुण परत कर्नाटकले गेला ना बे.

गोलपोस्ट | २९ जुलै, दुपारी १:१४

गेला, पण ट्रॉफी ठेवून गेला! त्याच सीझनला आपल्या घरच्या यश राठोडनं त्याच्याहून जास्त, ९६० धावा केल्या आणि हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले. पाहुणा चालला, कारण घरचे उभे होते. काका म्हणतात तेच.

मुठाकाठ | २९ जुलै, रात्री ८:३०

थोडं अवांतर होतंय, पण मनात आहे ते लिहितो. आपण लंडनच्या स्ट्रायकरची एवढी काळजी करतोय आणि इथे आपली इंडियन सुपर लीग, आयएसएलच थांबलेली आहे. फेडरेशन आणि आयोजक कंपनीचा करार डिसेंबरात संपतोय, नव्या कराराचं ठरेना, म्हणून ११ जुलैला क्लबांना सीझन तूर्त थांबवल्याचं कळवलं. खेळाडूंच्या पगाराचं काय, सराव कधी सुरू करायचा, कोणालाच माहीत नाही.

स्ट्रायकरचा विषय आपल्या देशात तर जखमच आहे. सुनील छेत्री २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि यंदा मार्चमध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. आल्या आल्या मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. क्लब पुढच्या जागेवर परदेशी माणूस उभा करतात, आपला मुलगा विंगवर जातो नाहीतर बाकावर बसतो. मग नऊ नंबर घडणार कुठून?

डावखुरी | २९ जुलै, रात्री ९:४०

अवांतर नाही, मुळाचाच विषय आहे हा. माझ्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आहे, गोलसमोर इतकी शांत की मला थरार वाटतो. पण जिथे निवडीला नेते तिथे "उंची कमी, विंगला टाका" हेच ऐकते. मी टाकत नाही. ती पुढेच खेळेल.

नागपुरात काय होऊ शकतं ते विजय बारसे सरांनी दाखवलंय. २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये स्लम सॉकरला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. पोरं आहेत, पाय आहेत. वर्षभर चालणारे सामने द्या, बाकी आम्ही बघतो.

संपादक | ३० जुलै, सकाळी १०:००

आयएसएलवर स्वतंत्र धागा काढावा, चर्चा चांगली आहे. इथे ग्योकेरेसवर या.

लाल_सैतान_मानेवाडा | ९ ऑगस्ट, रात्री १०:२५

आलो. आमचाबी स्ट्रायकर आला. बेंजामिन सेश्को, लाइपझिगवरून, वय २२. उंची पाहा अन् पळणं पाहा. १७ तारखेले आमच्याच घरी पहिली मॅच हाय तुमची. कोणाचा चालते ते पाहून घेऊ!

तर्री_मारके | ९ ऑगस्ट, रात्री १०:३१

भाऊ १७ तारखेले रात्री ९ ले. हारला तो सोमवारी सकाळी कस्तुरचंद पार्कच्या ठेल्यावर सगळ्याले पोहे चारन. तर्री डबल.

लाल_सैतान_मानेवाडा | ९ ऑगस्ट, रात्री १०:३३

पक्कं.

गनर_धरमपेठ | १७ ऑगस्ट, रात्री ११:३०

जिंकलो! ओल्ड ट्रॅफर्डवर १-० आणि गोल कोणाचा, तर डाव्या बॅकचा. कॉर्नरवरून कालाफिओरी. तीन गुण आले, आनंद आहेच.

पण धाग्याच्या प्रश्नाचं बोलायचं तर मन खट्टू झालं. तासाभरात ग्योकेरेसला बाहेर बोलावलं, हावर्ट्झ आत. चेंडू त्याच्याकडे फारसा आलाच नाही, आला तेव्हा पायाला चिकटला नाही. सोशल मीडियावर लगेच 'फ्लॉप' सुरू झालंय, अवघ्या एका सामन्यात! मला फार वाईट वाटलं. स्पोर्टिंग सोडण्याच्या ताणाताणीत त्याचे सुरुवातीचे सराव बुडाले होते, हे कोणी लक्षातच घेत नाही.

आकडेमोड | १८ ऑगस्ट, सकाळी ९:००

दोन जुन्या गोष्टी. १९९५ मध्ये बर्गकॅम्प आला, पहिल्या सात सामन्यांत गोल नाही. पेपरांनी फाडून खाल्लं. मग साउथॅम्प्टनविरुद्ध दोन मारले आणि पुढची अकरा वर्षं तो आर्सेनलचाच होता. १९९९ मध्ये हेन्री आला, युव्हेंटसमध्ये विंगवर कोमेजलेला. तेव्हाचा कोच वेंगरनं त्याला मध्ये खेळवलं, सुरुवात अडखळतच झाली. पहिल्या सीझनअखेर लीगमध्ये १७, आणि क्लब सोडला तेव्हा तोच सर्वाधिक गोलांचा मानकरी. नंतर थोडे दिवस परत आला, ते धरून एकूण २२८. १४ नंबर त्याचाच आहे.

तर्री_मारके | १८ ऑगस्ट, सकाळी ९:२०

मानेवाडा भाऊनं पोहे चारले. शब्दाचा पक्का माणूस. डोळ्यातून पाणी आलं, तर्रीमुळं.

कामठीवाला_काका | १८ ऑगस्ट, दुपारी ४:००

सामना पूर्ण बघितला. ग्योकेरेस पहिल्या अर्ध्या तासात तीनदा फटीत निघाला, मी बोटांवर मोजलं. तिन्ही वेळा चेंडू मागे फिरला. त्याच्या पायाकडे बघून बोलणाऱ्यांनी पास देणाऱ्याच्या मानेकडे बघावं. मान वर होते, तो दिसतो, आणि तरी चेंडू बाजूला जातो. अजून विश्वास बसलेला नाही.

गनर_धरमपेठ | २४ ऑगस्ट, रात्री १२:२५

५-०!!! लीड्सविरुद्ध ५-०, आणि ग्योकेरेसचे दोन!

आज दिवसच वेगळा होता. सकाळपासून महालात मारबतीची मिरवणूक बघायला गेलो होतो. काळी आणि पिवळी दोन्ही मारबत समोरासमोर आल्या तेव्हा त्या गर्दीत घसा फोडून ओरडलो, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि शेजारी हा तर्री_मारके ओरडत होता, "दुसरा नंबर घेऊन जा गे मारबत!" दोन-चार पोरं वळून बघायला लागली, मग तीही आमच्याबरोबर ओरडायला लागली.

रात्री १० ला सामना. मध्यंतरानंतर तिसऱ्याच मिनिटाला डाव्या बाजूला मोकळ्या जागेत त्याला चेंडू मिळाला, आत वळला आणि खाली कोपऱ्यात मारला. डावखुरी ताईंनी २८ जुलैला लिहिलेली धाव शब्दाशब्दानं तीच. तो तोंडावर हातांचा मुखवटा करतो ना, तसा मी गच्चीवर केला. शेवटी पेनल्टी. ती मिळवली १५ वर्षांच्या मॅक्स डाउमननं, आणि मारली ग्योकेरेसनं. साका दुखापतीमुळे आधीच बाहेर गेला होता, त्याची काळजी आहे.

तर्री_मारके | २४ ऑगस्ट, रात्री १२:३१

मारबतीनं ऐकलं भाऊ!

डावखुरी | २४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

पहिला गोल मुलींना मोबाईलवर दाखवला, चार वेळा. चौदा वर्षांचीनं विचारलं, "ताई, चेंडू सुटायच्या आधीच तो कसा काय निघतो?" आजचा सराव तेवढाच.

अ‍ॅनफिल्ड_ते_अजनी | १ सप्टेंबर, सकाळी ८:४०

काल काय ते झालं. १-०, सोबोस्लाईची फ्री किक, ८३ वं मिनिट. त्या अंतरावरून असा गोल मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता, पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा लावून बघत होतो.

गनर भाऊ, खिजवायला आलो नाही. ग्योकेरेसला आमच्या व्हॅन डाइक आणि कोनाटेनं काही करू दिलं नाही. पण तो शेवटपर्यंत त्यांच्या अंगावर जात राहिला. नुन्येझच्या वेळी पहिल्या महिन्यात जे मला दिसलं होतं, ती घाई याच्यात दिसली नाही. माझी धास्ती अर्धी झाली.

लाल_सैतान_मानेवाडा | २ सप्टेंबर, सकाळी ९:३०

अन् तुम्ही लिव्हरपूलवाल्यांनी आइझॅक घेतला, साडेबारा कोटी पौंड! इंग्लंडमंदी एवढे पैसे कोणासाठी मोजले नव्हते. एकितिके आधीच आणला, पहिल्याच लीग मॅचमध्ये त्याचा गोलबी झाला. आता आइझॅक चालते का, असा धागा तुम्ही काढा.

अ‍ॅनफिल्ड_ते_अजनी | २ सप्टेंबर, सकाळी ९:४४

काढतो आज रात्री. सगळ्यांनी या.

काटोलकर | २ सप्टेंबर, रात्री ९:०५

माझा प्रश्न राहिलाच. जमीन कशी निघाली?

कामठीवाला_काका | ३ सप्टेंबर, सकाळी ६:२०

काटोलकर, तीन सामने मी पुन्हा लावून पाहिले. लीड्सविरुद्ध चेंडू लवकर सुटला, गोल झाला. लिव्हरपूलविरुद्ध पुन्हा मागे फिरला. ओडेगार्ड आणि साका, दोघंही दुखावलेले. त्याची धाव ज्यांना ओळखायची आहे तेच बाहेर आहेत. नवा माणूस झुबिमेंडी मधून सरळ पुढे बघतो, ते मला आवडलं. हा चेंडू लवकर देईल.

जमीन भारी आहे, पण पाणी अजून निचरत नाही. दिवाळीपर्यंत थांबा. माझं मत चालेल असं आहे, आणि २० गोलांच्या आसपास जाईल असंही मी लिहून ठेवतो.

गनर_धरमपेठ | ३ सप्टेंबर, सकाळी ८:१०

काका, २७ जुलैला मी विचारलं होतं की तो चालेल का. आता सामना बघताना माझी नजर आपोआप पास देणाऱ्याच्या मानेवर जाते, ही तुमची देणगी.

१३ तारखेला शनिवारी संध्याकाळी ५ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा सामना आहे, आपल्या घरच्या मैदानावर. माझ्याकडे गच्चीवर पडदा लावतोय, पाऊस आला तर हॉलमध्ये. सगळ्यांनी यायचं, मानेवाडा आणि अजनीवाल्यांनीसुद्धा. काका, तुम्ही याल का? आई विचारतेय.

कामठीवाला_काका | ३ सप्टेंबर, सकाळी ८:३५

येतो. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत नातू स्कूटरवर सोडेल, पुढे मेट्रो. कुठे उतरू?

गनर_धरमपेठ | ३ सप्टेंबर, सकाळी ८:३७

सीताबर्डीला गाडी बदला आणि शंकरनगर चौकात उतरा. साडेचारला जिन्याखाली उभा असतो. लाल जर्सी, १४ नंबर.